पायाच्या बंद धमन्या : फुगा, बायपास की केवळ चालणे?

पूर्णा नदीवर येलदरीच्या खालच्या अंगाला, हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. शेत, कालव्याची वाट, बसथांबा, औंढ्याचा बाजार असे या परिसरातील जगणे बव्हंशी पायांवरच चालते. अशा ठिकाणी साठीकडे झुकलेला एखादा शेतकरी ठरावीक अंतर चालला की पोटरी धरून थांबतो. दोन-चार मिनिटांत कळ ओसरते, तो पुन्हा चालू लागतो आणि जवळजवळ तितक्याच अंतरावर पुन्हा थांबतो. घरात याला वात म्हटले जाते, वयाचा दोष म्हटला जातो, तेल चोळले जाते. पुढे कधी तरी अंगठ्याला झालेली जखम भरेनाशी होते, बोट काळवंडते आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्यावर ‘पायाची नस बंद आहे’ असे कळते. त्यानंतरचा प्रश्न प्रत्येक घरात एकच असतो. फुगा घालायचा, बायपास करायचा, की पाय कापावा लागेल?

या प्रश्नाला सर्वांना लागू पडणारे एक उत्तर नाही. हृदयाच्या अँजिओप्लास्टीविषयी आता खेड्यापाड्यांत माहिती आहे. पायाच्या धमन्यांबाबत मात्र शहरातील सुशिक्षित कुटुंबेही चाचपडताना दिसतात. दोन्ही उपचार चांगले आहेत, दोन्ही अपुरे आहेत आणि कोणाला कोणता, हे ठरवणाऱ्या बाबी फार नाहीत : आजाराची पायरी, अडथळ्याची जागा व लांबी, रुग्णाची एकूण प्रकृती, आणि त्याच्या स्वतःच्या पायात धड शीर शिल्लक आहे की नाही.

‘नस’ म्हणजे नेमके काय?

बोलीभाषेतील ‘नस’ या शब्दाने मोठा घोळ होतो. हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेणारी ती धमनी आणि पायाकडून ते परत नेणारी ती शीर. पोटरीवर निळ्या-जांभळ्या, वेड्यावाकड्या फुगलेल्या दिसतात त्या शिरा. तो वेगळा आजार आहे आणि त्यात पाय गमावण्याची भीती सहसा नसते. येथे विषय आहे तो धमन्यांचा. वर्षानुवर्षे धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबी व चुन्याचे थर साचतात, नळी अरुंद होते आणि कधी पूर्ण बंद पडते. बसलेल्या माणसाच्या स्नायूला थोडे रक्त पुरते. चालताना ते कित्येक पटींनी जास्त लागते. ते मिळाले नाही की पोटरीत कळ येते. मणक्याच्या दुखण्यातही चालताना पाय दुखतात, पण तेथे आराम पडण्यासाठी बसावे किंवा वाकावे लागते. धमनीच्या आजारात नुसते उभे राहिले तरी कळ थांबते. हा साधा फरक बऱ्याचदा निदानाची दिशा ठरवतो.

तंबाखू आणि मधुमेह ही या आजाराची दोन प्रमुख कारणे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के होते. तंबाखू चघळणाऱ्या, बार भरणाऱ्या व मिश्री लावणाऱ्यांचे मात्र २४.४ टक्के. ‘आपण कुठे सिगारेट ओढतो’ या समाधानाला त्यामुळे फारसा आधार राहत नाही. मधुमेहाचा आकडाही लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. मधुमेहात पायाची संवेदना बोथट होत असल्याने धोक्याची सूचना देणारी कळ अनेकांना जाणवतच नाही आणि आजाराची पहिली खूण म्हणून थेट न भरणारी जखमच समोर येते.

आजाराच्या दोन पायऱ्या येथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिलीत केवळ चालताना कळ येते. अशा बहुसंख्य रुग्णांचा पाय धोक्यात नसतो. तंबाखू पूर्ण बंद करणे, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्तदाब व साखरेवर ताबा आणि पद्धतशीर चालणे हा येथील पहिला उपचार होय. कळ येईपर्यंत चालायचे, थांबायचे, ओसरली की पुन्हा चालायचे. आठवड्यातून किमान तीन वेळा, अर्धा ते पाऊण तास, सलग तीन महिने. ऐकायला हे किरकोळ वाटते, परंतु न थांबता चालता येणारे अंतर त्याने लक्षणीय वाढते आणि कित्येकांची शस्त्रक्रिया टळते. कळ येते म्हणून चालणे सोडणारा रुग्ण नेमके उलटे करीत असतो.

दुसरी पायरी गंभीर. रात्री अंथरुणावर पाऊल ठणकते, पाय बाजेवरून खाली सोडला की जरा बरे वाटते, जखम भरत नाही, बोटे काळी पडू लागतात. येथे रक्तपुरवठा वाढवला नाही तर पाय जाण्याची शक्यता असते. फुगा की बायपास हा वाद खऱ्या अर्थाने या पायरीवरचा आहे. गार पडलेल्या अशा पायाला शेक देण्याची किंवा तो गरम पाण्यात बुडवण्याची घरोघरीची पद्धत धोक्याची आहे. संवेदना नसलेली त्वचा भाजते आणि ती जखम भरून येत नाही.

तपासणीची सुरुवात हातानेच

पहिली तपासणी डॉक्टरांच्या बोटांनी होते. जांघ, गुडघ्यामागची खोबण, घोटा आणि पावलाचा पृष्ठभाग या चार ठिकाणी नाडी लागते की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. त्यानंतर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी भरले तर धमनीत अडथळा असल्याचे मानले जाते. मधुमेहींमध्ये मात्र चुना साचून धमन्या इतक्या कडक झालेल्या असतात की पट्ट्याने त्या दबतच नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. त्यांच्यात पायाच्या अंगठ्यातील रक्तदाब अधिक विश्वासार्ह ठरतो. डॉप्लर सोनोग्राफीने अडथळ्याची जागा कळते. सीटी अँजिओग्राफी किंवा नळी घालून केलेली अँजिओग्राफी ही शस्त्रक्रियेचा विचार ठरल्यावर करावयाची. त्यातील रंगद्रव्य मूत्रपिंडाला त्रास देऊ शकत असल्याने आधी क्रिएटिनिन तपासणे आवश्यक असते.

फुग्याची करामत

पायाची धमनी आतून उघडण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेतील पोर्टलंड येथे १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर यांनी केला. त्यांच्या ८२ वर्षांच्या रुग्ण महिलेच्या बोटांना गँगरीन झाले होते आणि पाय कापून घेण्यास तिने नकार दिला होता. डॉटर यांनी अरुंद जागेतून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवल्या. पाऊल उबदार झाले आणि तो पाय वाचला. पुढे १९७४ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुएंटझिग यांनी नळीच्या टोकाशी फुगा बसवून पायाच्या धमन्या रुंद केल्या. हृदयाची अँजिओप्लास्टी त्यानंतरची. हृदयासाठी प्रसिद्ध झालेले हे तंत्र पायावर जन्मले, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

आज ही प्रक्रिया जांघेतील धमनीत सुई घालून, बहुधा केवळ तेवढाच भाग बधिर करून केली जाते. तार अडथळ्याच्या पलीकडे नेली जाते, तिच्यावरून फुगा सरकवून फुगवला जातो आणि गरज वाटल्यास धातूची जाळी, म्हणजे स्टेंट बसवला जातो. मोठी जखम नाही, भूल नाही, बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. हृदय वा फुप्फुस कमकुवत असलेल्या वृद्धाला हा मोठाच दिलासा होय.

मात्र फुग्याचे यश जागेनुसार बदलते. बेंबीखाली, ओटीपोटातून जाणाऱ्या रुंद धमन्यांत त्याचा परिणाम उत्तम व टिकाऊ असतो. तेथे एकेकाळी पोट उघडून कृत्रिम नळी बसवली जाई, ती गरज आता बरीच कमी झाली आहे. मांडीतील धमनीत छोटा अडथळा असेल तर निकाल चांगला, वीतभर लांबीचा असेल तर तितका नाही. गुडघ्याखालच्या धमन्या बारीक असतात; तेथे फुगवलेली जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होण्याची शक्यता बरीच असते. तरीही त्या अवधीत जखम भरून निघाली तर हेतू साधला, असे मानण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. भरलेली कातडी टिकवायला जखम भरण्याइतके रक्त लागत नाही.

स्टेंटबाबत आपल्याकडे आणखी एक विचार करावा लागतो. जांघ आणि गुडघा हे सतत वाकणारे सांधे. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या माणसाचा गुडघा जितका दुमडतो, तितका खुर्चीवर बसणाऱ्याचा दुमडत नाही. अशा जागी जाळी दबते, कधी मोडते. म्हणून गुडघ्यामागे स्टेंट शक्यतो टाळतात. औषधाचा लेप असलेले फुगेही मिळतात. त्यांतील पॅक्लिटॅक्सेल या औषधामुळे पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण वाढते, अशी शंका २०१८ च्या अखेरीस एका विश्लेषणातून उपस्थित झाली आणि जगभर खळबळ उडाली. अधिक माहिती हाती आल्यावर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा वाढीव धोका दिसत नसल्याचे जाहीर केले.

बायपास : स्वतःची शीर, स्वतःचा पाय

अडथळा साफ करण्याऐवजी त्याला वळसा घालणे म्हणजे बायपास. पायातील असा वळसा रुग्णाच्याच शिरेने घालण्याची आधुनिक पद्धत पॅरिसमध्ये १९४८ साली जाँ कुनलँ यांनी रूढ केली. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर हृदयाच्या बायपासमध्येही वापरतात, तीच ही. शिरेत रक्त वरच्या दिशेनेच जावे म्हणून झडपा असतात. त्यामुळे ती उलटी करून जोडतात किंवा झडपा मोडून टाकतात. तिच्या एका टोकाची जोडणी अडथळ्याच्या वर, दुसऱ्याची खाली. खालचे टोक गरजेनुसार थेट पावलाच्या धमनीपर्यंतही नेता येते.

शस्त्रक्रिया मोठी असते. भूल, दोन-तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ, मांडी-पोटरीवर लांब चिरे, आठवडाभर रुग्णालय, जखमेत संसर्गाची व हृदयविकाराच्या झटक्याची जोखीम. पण चांगल्या शिरेचा बायपास पुष्कळ वर्षे चालतो. शीर नसेल तर कृत्रिम नळी वापरता येते. ओटीपोटात ती उत्तम चालते, गुडघ्याच्या वर बऱ्यापैकी. गुडघ्याखाली मात्र ती लवकर बंद पडते आणि संसर्ग झाल्यास प्रकरण फार गुंतागुंतीचे होते. यासाठी शीर जपणे महत्त्वाचे. धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णाच्या घोट्याजवळील शिरेत सलाइन लावू नये, फुगलेल्या शिरांसाठी ती काढून टाकण्यापूर्वी धमन्यांची तपासणी व्हावी, हे तज्ज्ञ वारंवार सांगतात. प्रत्यक्षात त्याकडे दुर्लक्ष होते.

तिसरा एक मार्गही आहे. धमनी उघडून आतला थर खरवडून काढायचा व शिरेचे ठिगळ लावून ती शिवायची. लिस्बनमध्ये १९४६ साली झोआँव सिद दुस सांतुस यांनी तो प्रथम अवलंबिला. जांघेतील धमनीच्या अडथळ्यासाठी आजही तो अनेकांची पहिली पसंती आहे. छेद लहान, परिणाम टिकाऊ. त्याच बैठकीत वरच्या किंवा खालच्या धमनीत फुगाही घालता येतो आणि अशा मिश्र शस्त्रक्रिया आता वाढल्या आहेत.

तुलनेचे तीन अभ्यास

दोन उपचारांची रीतसर तुलना करणारा पहिला मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. ‘बेसिल’ या नावाचा हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २७ रुग्णालयांतील ४५२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागण्यात आले. पहिल्या दोन वर्षांत पाय व जीव वाचण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखे राहिले. फुग्याचा खर्च आरंभी कमी होता. मात्र दोन वर्षांनंतरही हयात असलेल्या रुग्णांत आधी बायपास झालेल्यांची स्थिती सरस दिसली. फुगा अपयशी ठरल्यावर केलेला बायपास हा पहिल्यांदाच केलेल्या बायपासइतका यशस्वी होत नाही, हेही त्यात आढळले. ‘आधी फुगा करून पाहू, नाही जमले तर बायपास आहेच’ हा सर्वत्र ऐकू येणारा हिशेब त्यामुळे वाटतो तितका बिनधोक नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेच्या पुढाकाराने झालेला ‘बेस्ट-सीएलआय’. पाच देशांतील १,८३० रुग्णांचा हा अभ्यास नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची लांब शीर चांगली होती, त्यांच्यात मृत्यू, घोट्याच्या वरून पाय कापावा लागणे किंवा पुन्हा मोठा हस्तक्षेप करावा लागणे यांपैकी काही तरी घडण्याचे प्रमाण बायपासनंतर ४२.६ टक्के आणि फुगा-स्टेंटनंतर ५७.४ टक्के होते. ज्यांच्याकडे अशी शीर नव्हती, त्यांच्यात दोन्ही उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिरेचे महत्त्व यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

यावरून बायपासचा विजय झाला असे वाटते न वाटते तोच, २०२३ मध्ये ‘बेसिल-२’ने उलट निकाल दिला. गुडघ्याखालच्या धमन्यांचा आजार असलेल्या ३४५ रुग्णांत पाय गमावणे किंवा मृत्यू यांपैकी एक घडण्याचे प्रमाण बायपास गटात ६३ टक्के, तर फुगा गटात ५३ टक्के भरले. हा फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला होता.

मग खरे काय मानायचे? दोन्ही निकाल खरे असू शकतात. एका अभ्यासातील बहुतेक रुग्णांची शीर तपासून निवडलेली होती आणि मोजमापात पुन्हा कराव्या लागलेल्या मोठ्या हस्तक्षेपांचा समावेश होता. दुसऱ्यातील सर्व रुग्णांचा आजार गुडघ्याखाली पसरलेला होता आणि मोजला गेला तो पाय व जीव. शस्त्रक्रिया पेलू शकणारा, काही वर्षांचे आयुष्य समोर असलेला, चांगली शीर असलेला आणि लांब अडथळा असलेला रुग्ण बायपासकडे झुकतो. हृदय अशक्त, वय जास्त, शीर खराब किंवा अडथळा आखूड असेल तर पारडे फुग्याकडे. दोन्ही करू शकणाऱ्या डॉक्टरांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, ही अपेक्षा येथूनच येते. केवळ फुगा करता येणाऱ्या ठिकाणी सगळ्यांना फुगाच सुचवला जाण्याची शक्यता असते. दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

विडी ओढणाऱ्या तरुणाचा पाय

तिशी-चाळिशीतील विडी ओढणाऱ्या पुरुषाची बोटे काळी पडत असतील तर आजार निराळा असण्याची शंका घ्यावी लागते. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये सविस्तर वर्णन केलेला हा विकार भारतात बराच आढळतो. यात बारीक धमन्यांचा दाह होऊन त्या पावलाकडून वर बंद होत जातात. बायपास जोडायला खाली चांगली धमनीच उरत नाही, त्यामुळे तो क्वचितच शक्य होतो. फुग्यालाही मर्यादा पडतात. कमरेतील मज्जातंतूंची साखळी छेदण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे अनेक वर्षे केली गेली. तिने ठणका व लहान जखमांना काहीसा आराम पडतो, पण पोटरीच्या स्नायूचे रक्त वाढत नाही. या आजारात पाय वाचवणारा खात्रीचा उपाय म्हणजे तंबाखू पूर्णपणे सोडणे. दिवसाला एक विडीसुद्धा पुरेशी घातक ठरते.

सहा तासांची मर्यादा

आतापर्यंत सांगितले ते हळूहळू वाढणाऱ्या आजाराविषयी. रक्ताची गुठळी अचानक अडकली तर मात्र गणित तासांचे होते. पाय एकाएकी पांढरा, गार पडतो, असह्य दुखतो, नाडी लागत नाही, मग बधिर होतो व हलवता येत नाही. साधारण सहा तासांत रक्त सुरू झाले नाही तर स्नायू मरू लागतात. टॉमस फोगार्टी यांनी १९६३ मध्ये जगापुढे मांडलेल्या फुग्याच्या नळीने अशी गुठळी जांघेतील लहान छेदातून ओढून काढता येते आणि प्रशिक्षित सर्जन असेल तर हे काम फार लांबत नाही. खरा वेळ जातो तो रस्त्यात. सिद्धेश्वरसारख्या ठिकाणाहून आधी गावचा दवाखाना, मग औंढा, मग हिंगोली आणि तेथून नांदेड अशी पायरीपायरीने वाट धरली तर सहा तास सहज संपतात. अशा वेळी कोणत्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांचा सर्जन उपलब्ध आहे, हे फोनवर विचारून थेट तेथेच निघणे शहाणपणाचे. हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे.

पाय कापणे केव्हा योग्य?

संसर्ग वर चढत असेल, ताप व विषबाधेने जीव धोक्यात असेल किंवा पाऊल वापरण्याजोगे उरलेच नसेल, तर पाय कापणे हाच जीव वाचवणारा उपचार ठरतो आणि त्यात दिरंगाई घातक असते. कोरडे, मर्यादित काळे बोट ही गोष्ट वेगळी. रक्तपुरवठा न सुधारता नुसते बोट कापले तर ती जखम भरत नाही. मग पाऊल, मग पोटरी, मग मांडी असा क्रम सुरू होतो. म्हणून तातडीचा संसर्ग नसेल तर धमन्यांचे चित्र पाहिल्याशिवाय कापण्याचा निर्णय होऊ नये. कापावेच लागले तर गुडघा वाचवण्याचा आटोकाट प्रयत्न केला जातो, कारण गुडघा असलेला रुग्ण कृत्रिम पायावर कितीतरी कमी श्रमात चालतो.

खर्च आणि नंतरचे वर्ष

फुग्याची किंमत आरंभी कमी, पण स्टेंट व औषधी फुग्यांनी ती वाढते आणि पुन्हा कराव्या लागण्याची शक्यता धरावी लागते. बायपासमध्ये साहित्याचा खर्च कमी, रुग्णालयातील दिवस जास्त. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. उर्वरित जिल्ह्यांत ती पुढच्या वर्षी आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा प्रतिकुटुंब दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. आपल्याला सुचवलेली शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि त्या रुग्णालयात होते का, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्राकडे करावी.

कोणताही मार्ग निवडला तरी गोळ्या आयुष्यभराच्या असतात. बरे वाटले म्हणून त्या बंद करणे आणि तंबाखू पुन्हा सुरू करणे ही उघडलेली धमनी बंद पडण्याची नेहमीची कारणे. बायपासच्या शिरेत अरुंद जागा तयार होण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो. त्या वर्षात ठरावीक अंतराने डॉप्लर तपासणी केल्यास अशी जागा वेळीच सापडते व लहानशा फुग्याने दुरुस्त होते. शीर पूर्ण बंद पडल्यावर ती पुन्हा चालू करणे क्वचितच जमते.